समान वाटणीतून अपूर्णांक: पहिलं उदाहरण कोणतं द्यायचं आणि पुढे कसं न्यायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी एकत्र मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग आहे. रंगवलेली आकृती दाखवली की मुलं १/४, ३/४ बिनचूक लिहितात. पण १/३ मोठा की १/४, असं विचारलं की बहुतेक हात १/४ साठी वर जातात, कारण चार तीनापेक्षा मोठे. तुमच्याकडून पाचवीत गेलेली मुलं १/२ + १/३ = २/५ लिहून मोकळी होतात. प्रशिक्षणात ‘समान वाटणीतून शिकवा’ एवढंच सांगितलं. पहिलं उदाहरण कोणतं घ्यायचं, वेळ किती द्यायचा आणि पुस्तकातल्या धड्याशी ते कुठे जोडायचं, हे कुणी सांगितलं नाही.

माझं उत्तर असं: अपूर्णांकाचा धडा म्हणून सुरुवात करू नका, भागाकारात उरलेल्या बाकीपासून करा. आणि मुलं स्वतः वाटून, कापून, चित्र काढून उत्तर मिळवायला लागेपर्यंत अंश आणि छेद फळ्यावर आणू नका. पुढचं सगळं याचाच विस्तार आहे, पण खरी मेख त्या विस्तारातच आहे.

आधी आकृत्यांचं बघू. गोलाचे चार भाग, तीन रंगवलेले. मूल काय करतं? रंगवलेले मोजतं, तीन. सगळे मोजतं, चार. एकावर एक लिहितं. उत्तर बरोबर येतं, पण त्यात त्याने दोन वेळा मोजण्यापलीकडे काहीच केलेलं नसतं. भाग सारखे आहेत का, एक भाग केवढा आहे, हे पाहण्याची त्याला गरजच पडली नाही. खात्री करायची असेल तर एक त्रिकोण काढा, त्याच्या पायाला समांतर दोन रेघा मारून तीन पट्टे करा आणि फक्त टोकाचा तुकडा रंगवा. वर्गातली बरीच मुलं शांतपणे १/३ लिहितील. त्यांच्या मनात तीन छेद चार ही एक संख्या नसून शेजारी ठेवलेल्या दोन संख्या आहेत. मग १/३ आणि १/४ मध्ये ती खालच्या दोन संख्यांची तुलना करतात आणि बेरजेत वरच्याला वरची, खालच्याला खालची मिळवतात. त्यांच्या बाजूने पाहिलं तर यात चूक काहीच नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही समजू नका. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्रीय पातळीवरच्या चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक आहेत, म्हणून बेरीज दोनच्या आसपास, हे फक्त २४ टक्के मुलांना सुचलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं.

वाटणीत गोष्ट उलटी होते. ‘एक तुला, एक मला’ हे मूल शाळेत येण्याआधीपासून करत असतं. भाग सारखे असले पाहिजेत हे तिथे तुम्हाला सांगावं लागत नाही. कमी मिळालेला स्वतःच ओरडतो. वाटेकरी वाढले की वाटा घटतो, हेही त्याला पाठ न करता माहीत असतं. आपल्याला फक्त त्या समजुतीला गणितापर्यंत चालत आणायचं आहे, आणि त्यासाठी उदाहरणातल्या संख्या नीट निवडायच्या आहेत.

पहिलं उदाहरण मी असं देते: दोन बहिणींना पाच भाकऱ्या सारख्या वाटून घ्यायच्या आहेत, काही उरवायचं नाही. प्रत्येकीला किती? दुसरीचं मूलसुद्धा दोन-दोन भाकऱ्या वाटून शेवटचीकडे बघतं आणि म्हणतं, ‘दोन आणि अर्धी’. बऱ्याच जणी थेट ‘अडीच’ म्हणतात.

एका भाकरीचे दोन भाग, इथून का नको? कारण ते उत्तर मुलाच्या तोंडी आधीच असतं, विचार करावा लागत नाही. पाच भाकऱ्या दोघींत म्हटलं की मात्र नेहमीचा भागाकार समोर येतो: भाग दोन, बाकी एक. आजवर ‘बाकी’ म्हणून बाजूला ठेवलेला तो एक आता कापायचा आहे. अपूर्णांक कुठून आले आणि त्यांची गरज का पडली, हे त्या एका क्षणात कळतं. दुसरा फायदा असा की अपूर्णांक म्हणजे एकापेक्षा लहानच, ही पुढे त्रास देणारी समजूत मुळात तयार होत नाही. दीड, सव्वा, अडीच हे पहिल्या आठवड्यातच पूर्ण संख्यांच्या शेजारी येऊन बसतात.

त्यानंतर ३ भाकऱ्या दोघांत, ५ चौघांत, ७ चौघांत, ९ चौघांत. मगच १ चौघांत आणि ३ चौघांत. वाटेकरी दोन, चार किंवा आठ असतील तर मुलांना अर्ध्याचं अर्धं करत जाता येतं, आणि ते त्यांना फार सहज जमतं. घरी पोळी पानात येते तीच मुळी घडी घालून, उलगडली की चार चतकोर दिसतात. तीन वाटेकरी मात्र लगेच आणू नका. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त शिकणं तिथेच होतं.

साधनांबद्दल. पहिल्या टप्प्यात अपूर्णांक संच वापरू नका. संच चांगला असतो, पण त्यातले तुकडे आधीच कुणीतरी कापून ठेवलेले असतात. किती तुकडे करायचे हा निर्णय मुलाचा असायला हवा, कारण तोच निर्णय पुढे छेद होतो. कोरा कागद, पेन्सिल, फार तर कागदी चकत्या आणि कात्री, एवढं पुरतं. फळ्यावर तुम्ही गोल काढून दाखवलेत की वर्ग तुमचा गोल उतरवतो आणि विचार तिथेच थांबतो. उदाहरण सांगा, दोनदा वाचून घ्या आणि गप्प राहा. ते गप्प राहणं जड जातं, पण दहा मिनिटं द्याच.

वस्तू कापता येणारी हवी: भाकरी, पोळी, चिक्की, राजगिऱ्याची वडी. मधेच एक उदाहरण मुद्दाम फुग्यांचं द्या: सात फुगे, दोन मुलं. ‘साडेतीन’ असं उत्तर आलं तर वर्गातलंच कुणीतरी सांगेल की अर्धा फुगा म्हणजे फुटलेला फुगा. बाकी कधी कापायची आणि कधी ठेवायची, हे ठरवणं हाही गणिताचाच भाग आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. काही मुलं म्हणतील, ‘दादा मोठा आहे, त्याला जास्त लागते’. बाबांना तीन भाकऱ्या, आईला दीड, असं त्यांनी घरी पाहिलेलं असतं. त्यांना चूक म्हणू नका. घरची वाटणी भुकेप्रमाणे असते आणि तीही योग्यच आहे; आज आपण सगळ्यांना अगदी सारखं देणार आहोत, एवढं सांगितलं की पुरतं. आणि खरी चिक्की कापायला आणलीत तर ती तासानंतर मुलांनाच खाऊ द्या. कुणाच्या घरी काय शिजतं आणि काय नाही, हे आपल्याला माहीत असतं.

आता तिघांची गोष्ट. दोन पोळ्या, तीन मुलं. सवयीने मुलं अर्धं करतात. दोन पोळ्यांचे चार अर्धे झाले, तिघांना एकेक दिला, एक अर्धा उरला. काही मुलं इथे थांबतात आणि ‘तो आईला’ म्हणतात. काही त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं करतात, पुन्हा उरतं, पुन्हा करतात, आणि कागदावर चुऱ्याचा ढीग होतो. त्यांना थांबवू नका. ‘असं किती वेळ चालणार?’ एवढंच विचारा. अर्ध्याचं अर्धं करत राहिलं तर तिघांची वाटणी कधीच संपत नाही, हे मुलांनी स्वतः अनुभवावं.

थोड्या वेळाने वर्गात साधारण दोन तोडगे दिसतात. पहिल्या गटाने उरलेल्या अर्ध्याचे तीन सारखे तुकडे केले: प्रत्येकाला एक अर्धा आणि एक छोटा. दुसऱ्या गटाने प्रत्येक पोळीचेच तीन तुकडे केले: प्रत्येकाला दोन. दोन्ही कागद फळ्याला शेजारी लावा आणि विचारा, कुठल्या गटातल्या मुलाला जास्त मिळालं?

पहिलं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: ‘सारखंच, बाई. यालाही दोन तुकडे, त्यालाही दोन तुकडे.’ उत्तर बरोबर, पण त्यामागचं कारण पूर्ण चूक. इथे ‘शाब्बास’ म्हणून पुढे गेलात तर तास वाया गेला असं समजा. विचारा, ‘हा छोटा तुकडा केवढा आहे?’ मुलं म्हणतात, ‘तिसरा भाग.’ ‘कशाचा?’ ‘अर्ध्याचा.’ ‘मग अख्ख्या पोळीत असे किती बसतील?’ आता कागद दुमडले जातात, कुणी बोटांवर मोजतं, आणि सहा येतं. म्हणजे अर्ध्या पोळीत असे तीन, आणि हातातला एक, मिळून चार. दुसऱ्या गटाच्या मोठ्या तुकड्यात असे दोन बसतात, आणि असे तुकडे दोन आहेत, म्हणजे इथेही चार. दोन्ही वाटे खरोखर सारखे निघाले. १/२ + १/६ = २/३ ही समानता चौथीच्या मुलांनी समच्छेदाचं नावही न ऐकता सिद्ध केली. लसावि काढून हेच करायला पुढे वर्षं जातात, आणि तेव्हाही ते का करतोय हे बहुतेकांना माहीत नसतं.

‘आधी मोठा तुकडा सगळ्यांना, मग उरलेल्याची वाटणी’ या पद्धतीला कच्ची समजू नका. इजिप्तमध्ये अहमोस नावाच्या लेखनिकाने साधारण इसवी सन पूर्व १५५० मध्ये लिहिलेलं एक गणिताचं भेंडोळं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या सुरुवातीलाच दहा माणसांत पाव वाटायची उदाहरणं आहेत. सहा पाव दहा जणांत, तर प्रत्येकाला अर्धा आणि एक दशांश. तुमच्या वर्गातला पहिला गट अगदी याच वाटेने गेला. मुलांना हे जरूर सांगा, त्यांना फार आवडतं.

तिघांसाठी गोल पोळीऐवजी चिक्कीची आयताकृती वडी घेणं सोपं. गोलाचे तीन सारखे भाग करणं मोठ्यांनाही नीट जमत नाही. मुलं दोन उभ्या रेघा मारतात आणि मधला तुकडा फुगतो. चित्र वाकडं आलं म्हणून अडून बसू नका, पण ‘हे तिन्ही सारखे आहेत असं धरायचं ना?’ हे विचारून घ्या. मुलाने ‘हो, फक्त काढताना चुकलं’ म्हटलं तर पुढे जा. ‘मधला मोठा आहे’ हे त्याला दिसतच नसेल तर कागदाची पट्टी घेऊन तिहेरी घडी घालायला लावा.

पुढचा खड्डा तीन भाकऱ्या चौघांत या उदाहरणात आहे. मुलं प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करतात, एकूण बारा, प्रत्येकाला तीन. मग विचारा, ‘प्रत्येकाला किती भाकरी?’ कुणी म्हणतं ‘तीन’. कुणी, आधी आकृत्यांवर तयार झालेलं, ३/१२ लिहितं: बारा तुकड्यांतले तीन. त्यावर सरळ फुली मारू नका. सगळ्या भाकऱ्या मिळून एक ढीग धरला तर ३/१२ खरंच बरोबर आहे; त्या ढिगाचा चौथा हिस्सा प्रत्येकाला मिळाला. पण आपण ढीग विचारला नव्हता, भाकरी विचारली होती. ‘एका भाकरीत असे किती तुकडे?’ ‘चार.’ ‘तुला मिळालेले?’ ‘तीन.’ ‘मग तुझं ताट पूर्ण भाकरीपेक्षा जास्त की कमी?’ तुकडे एकमेकांना लावून भाकरी पुन्हा जुळवायला सांगा. एक चतकोर कमी पडते हे समोर दिसतं. अपूर्णांक कशाचा, हा प्रश्न मूल स्वतःहून विचारायला लागलं की पुढची निम्मी भांडणं मिटतात. म्हणून मी ‘तुकडा’ हा शब्द उत्तरात स्वीकारत नाही. तीन तुकडे म्हटलं की लगेच ‘कशाचे, केवढे?’ असा प्रश्न करते.

नावं कधी द्यायची? अर्धा, पाव, पाऊण, सव्वा, दीड हे मुलांच्या कानावर आहेतच. पूर्वी उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच असत. मात्र शब्द कानावर असणं आणि त्याचं माप डोळ्यांपुढे असणं यात अंतर असतं. ‘पाऊण किलो’ म्हणणाऱ्या मुलाला विचारा की पाव किलोची किती वजनं टाकशील. बरीच मुलं अडतात. त्यामुळे हे शब्द वापरा, पण प्रत्येक वेळी तुकड्यांनी जुळवून दाखवायला लावा. तिघांचा, सहांचा वाटा आला की ‘तिसरा भाग’, ‘सहावा भाग’ हे मुलांचे शब्द चालू द्या. एक तृतीयांश, एक षष्ठांश नंतर येतील.

लिहिण्याची खूण त्याहून उशिरा, आणि ती आली की वाटणीचीच नोंद म्हणून येऊ द्या. वर पोळ्या, खाली मुलं. ३/४ म्हणजे तीन पोळ्या चार मुलांत, आणि एका मुलाला मिळालेला वाटाही ३/४. मध्य प्रदेशात होशंगाबाद परिसरात एकलव्य संस्थेने चालवलेल्या प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात ही मांडणी वापरली होती. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या लीन स्ट्रीफलंड यांनीही टेबलाभोवती बसलेली मुलं आणि त्यांच्यापुढचे पॅनकेक यांवरून अशाच पद्धतीने अपूर्णांक शिकवले. या मांडणीचं बळ असं की ५/३ पाहून मूल गोंधळत नाही. ‘तीन भागांतले पाच कसे घेणार?’ हा आकृतीवाल्या मुलाचा खराखुरा प्रश्न असतो. इथे पाच पोळ्या तिघांत, म्हणजे प्रत्येकाला एक आणि वर दोन-तृतीयांश, विषय संपला.

आता तुमचा मूळ प्रश्न, १/३ की १/४. एक पुरणपोळी तिघांच्या पंगतीत, एक चौघांच्या पंगतीत. तू कुठे बसशील? एकही मूल चुकत नाही. पण इथे सावध राहा. दोन-चार उदाहरणं झाली की मुलं स्वतःचा नियम बनवतात: खालचा आकडा मोठा तर अपूर्णांक लहान. मग ३/४ आणि २/३ मध्ये ती २/३ मोठा म्हणतात. म्हणून हे उदाहरण लगेच त्याच आठवड्यात द्या: तीन पोळ्या चौघांत की दोन पोळ्या तिघांत? एक सुंदर युक्तिवाद मुलांकडूनच येतो. पहिल्या पंगतीत प्रत्येकाला अख्ख्या पोळीपेक्षा एक चतकोर कमी पडली, दुसऱ्या पंगतीत एक तिसरा भाग कमी पडला; चतकोर लहान, म्हणजे पहिल्या पंगतीत कमी तोटा. कुणाला नाहीच सुचलं तर ‘अख्खी पोळी मिळायला किती कमी पडलं?’ एवढंच विचारा.

सममूल्य अपूर्णांकही पंगतीतूनच आणा. आठ मुलं, सहा पोळ्या, पण ओटीवर एका ओळीत चारच मावतात. दोन पंगती करा, पोळ्या अशा द्या की कुणी कुरकुर करू नये. चार मुलं, तीन पोळ्या, अशा दोन पंगती होतात. मग बारा मुलांसाठी किती पोळ्या लागतील? वीस मुलांसाठी? मुलं ३/४, ६/८, ९/१२, १५/२० अशी रांग स्वतः तयार करतात. वर-खाली एकाच संख्येने गुणायचं, हा नियम त्यांना त्या रांगेत दिसतो. तुम्ही सांगायची गरज उरत नाही.

इथेच या पद्धतीतला एक खरा धोका सांगते, कारण तो पाचवीतल्या बेरजेच्या चुकीला थेट जोडलेला आहे. समजा एका पंगतीत एक पोळी आणि दोन मुलं, दुसरीत एक पोळी आणि तीन मुलं. दोन्ही पंगती एकत्र बसवल्या तर दोन पोळ्या आणि पाच मुलं. म्हणजे २/५! मुलाची चुकीची बेरीज वाटणीच्या भाषेत चक्क बरोबर गोष्ट सांगते. म्हणून पंगती एकत्र करणं आणि वाटे मिळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे उघडपणे बोलायला हवं. १/२ + १/३ म्हणजे एकच मुलगी आधी दोघांच्या पंगतीत बसली, आपला वाटा घेतला. मग तिघांच्या पंगतीत बसली, तिथलाही वाटा घेतला. आता तिच्या ताटात किती? अर्धी तर आधीच होती, वर आणखी पडली, तर अर्ध्यापेक्षा जास्तच असणार. आणि २/५? पाच मुलांना अर्धी-अर्धी द्यायला अडीच पोळ्या लागतील, आपल्याकडे दोनच आहेत; म्हणजे २/५ अर्ध्यापेक्षाही कमी. ताटात भर पडून अन्न कमी कसं होईल? हा प्रश्न मुलाला पडला की तो २/५ स्वतः खोडतो. मग अर्ध्यात सहावे भाग तीन, तिसऱ्या भागात दोन, म्हणून पाच षष्ठांश; ते तर दोन पोळ्या तिघांत वाटताना त्याने केलेलंच असतं.

वाटणीने सगळं भागत नाही, हेही लक्षात ठेवा. ३/४ मीटर फीत, संख्यारेषेवरचा ३/४, पाऊण तास, किंवा पुढे अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणं, इथे ‘किती पोळ्या, किती मुलं’ ताणून बसवावं लागतं. त्यासाठी मापनाचा अर्थ हवा: एक एकक घेतलं, त्याचे चार सारखे भाग केले, तो १/४ हेच माप, आणि ते तीनदा लावलं की ३/४. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अभ्यासकांनी वाटणी आणि मापन हे दोन्ही अर्थ एकमेकांना जोडून मुलांना शिकवण्यावर काम केलं आहे, आणि तो जोड मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्गात तो साध्या कागदी पट्टीने होतो. एक लांब पट्टी म्हणजे एक एकक. तिच्या घड्या घालून अर्धे, पाव, आठवे भाग. दुसरीच्या तिसरे आणि सहावे. मग बाकाची लांबी मोजा: दोन पट्ट्या आणि वर पाऊण. अपूर्णांक संच बाहेर काढायची वेळ ही. तीन पोळ्या चौघांत वाटून मिळालेला वाटा आणि एका पट्टीचा चौथा भाग तीनदा लावून आलेली लांबी, दोन्हीला ३/४ च का म्हणायचं, हे मुलांकडून बोलून घ्या. चौथीत एवढं झालं तर पाचवीच्या शिक्षकांचं काम खूपच हलकं होतं.

वेळेचं म्हणाल तर सलग दोन आठवडे अपूर्णांक आणि मग वर्षभर काही नाही, असं नको. आठवड्यातून दोन तासिका, एका तासिकेत एकच उदाहरण, फार तर दोन, आणि हे पूर्ण सत्रभर. भागाकाराचा धडा चालू असतानाच बाकी वाटायची उदाहरणं सुरू करा, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागणार नाही. पुस्तकातल्या रंगवलेल्या आकृत्या शेवटी आल्या तर त्याही उपयोगी पडतात. फक्त उत्तर लिहून थांबू नका, ‘या चित्राला शोभेल अशी वाटणीची गोष्ट सांग’ असं म्हणा. तपासतानाही नुसतं उत्तर पाहू नका, चित्र पाहा. उत्तर बरोबर आणि चित्रात तुकडे भलतेच असतील तर त्या मुलाशी दोन मिनिटं बोला.

एकत्र वर्गाची तुम्हाला अडचण वाटते, पण या कामात ती सोय आहे. गोष्ट एकच ठेवा, संख्या बदला. उद्या तिसरीला पाच भाकऱ्या दोघांत द्या आणि चौथीला पाच भाकऱ्या तिघांत. तिसरीचे कागद आधी फळ्याला लावा, त्यांना बोलू द्या, मग चौथीचे. तिसरीतलं एखादं मूल चौथीच्या कागदाकडे बघून विचारतंच, ‘इथे अर्धी करून का नाही वाटली?’ त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, चौथीतल्या मुलांना देऊ द्या. पाचवीत गेलेली मुलं शाळेच्या आवारात भेटत असतील तर त्यांना दोन पंगतींत जेवलेल्या मुलीचं उदाहरण घाला, आणि त्यांच्या २/५ वर फुली मारण्याआधी एवढंच विचारा, की पहिल्या पंगतीतून उठताना तिच्या ताटात किती होतं.